पिंगळ्याचा पत्ता

लक्ष्मीचे वाहन घुबड आहे, ही गोष्ट आपण मराठी माणसे चारचौघांत फारशी बोलत नाही. बंगाल्यांच्या तसबिरींत ते देवीच्या पायाशी ऐटीत बसलेले असते. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा होते, घुबडाची नाही. ते घराच्या आढ्यावर येऊन बसले तर वडीलधारी मंडळी काय म्हणतात, ते वाचकांना सांगायला नकोच. पण या बदनाम कुळातल्या एका धाकट्या पातीला आपण निराळी वागणूक दिली आहे. तो म्हणजे पिंगळा. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन, कुडमुडे वाजवीत दारी येणाऱ्या जोश्यालाही आपण पिंगळाच म्हणत आलो. कारण त्याला म्हणे या पाखराची भाषा कळते, आणि पाखराला उद्याचे कळते. संतांनी त्याच्यावर रूपके रचली. ती रूपके मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात शिकवीत आहे, आणि मुले ती परीक्षेपुरती लक्षात ठेवून नंतर विसरत आहेत.

हा झाला गावातला पिंगळा. चिंचेच्या ढोलीत राहणारा, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला, संध्याकाळी तारेवर बसून कलकलाट करणारा. मला सांगायचे आहे ते त्याच्या रानातल्या चुलतभावाविषयी. त्याला रानपिंगळा म्हणतात. उंची जेमतेम वीतभर, पण चोच आणि पंजे अंगाच्या मानाने दांडगे. डोके जवळजवळ कोरे, छातीवर तपकिरी पट्टा, पोट स्वच्छ पांढरे, पायांवर पांढऱ्या पिसांची तुमान. रात्रीचे सोडून दिवसा हिंडतो आणि थंडीच्या सकाळी सागाच्या शेंड्यावर उन्हे खात बसतो. जगात हा पक्षी फक्त भारतात आहे आणि तोही मोजका. एक हजाराच्या आतच पूर्ण वाढलेले पक्षी उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये हा रानपिंगळा तानसा अभयारण्यात दिसला. त्याचे फोटो निघाले, आणि मुंबई-ठाण्याच्या पक्षिनिरीक्षक मंडळींत एकच खळबळ उडाली. तानसा म्हणजे काही हिमालय नव्हे. १८९२ पासून मुंबईकर त्या तलावाचे पाणी पीत आले आहेत. आणि पुस्तके तर सांगत होती की या पक्ष्याचा मुक्काम सातपुड्याच्या रांगेत, म्हणजे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि पलीकडचे खांडवा-बऱ्हाणपूर. तानसाहून तळोदा-शहाद्याचे रान सरळ रेषेत मोजले तरी सुमारे अडीचशे किलोमीटर पडते. मग हा पाहुणा इथे आला कसा?

पाखरे वाट चुकतात, यात नवल नाही. पावसाळी वादळात सापडलेले खोल समुद्रावरचे पक्षी मुंबईच्या गच्च्यांवर येऊन पडतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो येतात. पण रानपिंगळा हा प्रवासी पक्षी नाही. आपली ढोली, आपले चार साग आणि आसपासचे सरडे-उंदीर यांवर संसार करणारे हे घरकोंबडे पाखरू. ते शेते, गावे आणि रेल्वेमार्ग ओलांडून अडीचशे किलोमीटर भटकत येईल, हे मनाला पटत नाही. तेव्हा पाखरू पत्ता चुकले की पाखराचा पत्ता लिहिणारे आपण, असा प्रश्न उभा राहतो. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. पण जुनी हस्तलिखिते, त्यांचे पाठभेद आणि त्यांतली लबाडी हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. म्हणूनच या पाखराच्या पत्त्याचा इतिहास कानी आला, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

तो इतिहास असा. १८७२ च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात ब्ल्यूइट नावाच्या एका साहेबाने एक पिंगळा टिपला आणि तो ॲलन ह्यूम यांच्याकडे पाठविला. १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव आपण शाळेत पाठ केले, तेच हे ह्यूम. त्यांना राजकारणाआधी पक्ष्यांचे वेड होते. (त्यांच्या पक्षिविषयक लिखाणाचे बाड पुढे नोकराने रद्दीत विकले आणि त्यांचा या विषयातला जीवच गेला, असे सांगतात. रद्दीवाल्याने मराठीचेच नव्हे, सगळ्यांचेच नुकसान केले आहे.) ह्यूमनी १८७३ मध्ये पक्ष्याला ब्ल्यूइटचे नाव दिले. त्यानंतर ओरिसाच्या बाजूला एक पक्षी मिळाला. मग खानदेशात जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी आला. त्याने १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत तळोदा-शहाद्याच्या रानातून काही पक्षी मिळविले. पुढे सारे सामसूम. जगातल्या संग्रहालयांत मिळून अवघी सात कातडी उरली. प्रत्येकीच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली: कुणी मारला, कुठे, केव्हा. रानपिंगळ्याचा सगळा पत्ता म्हणजे या सात चिठ्ठ्या.

त्यांतली शेवटची चिठ्ठी १९१४ ची. ठिकाण मांडवी, सुरत जिल्हा, तापीकाठ. मारणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. हे नाव उच्चारताना जीभ अडखळते, तेव्हा यापुढे नुसते कर्नल म्हणू. हा गृहस्थ शिपाईगडी, हेर आणि पक्षितज्ज्ञ म्हणून जगभर गाजलेला. सालिम अली १९३७ मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात हिंडले होते. १९५४ मध्ये त्याने लंडनच्या संग्रहालयाला वीस हजारांच्या घरात पक्षी दान दिले. त्याच्या चिठ्ठीवर अविश्वास कोण दाखविणार? तेव्हा पुस्तकांत नोंद झाली की रानपिंगळा १९१४ पर्यंत तरी जिवंत होता, आणि तो गुजरातेत होता. पुढे लोकांनी शोध घेतला तो हा पत्ता हाती धरून. १९७० नंतर खुद्द सालिम अली आणि डिलन रिप्ले यांनीही शोध केला. हाती काही लागले नाही. बहुतेकांनी मनात त्याचे दहावे-बारावे उरकून घेतले.

तो पत्ता खोटा होता. कर्नल चोर होता! १९१९ मध्येच संग्रहालयाने त्याला पक्षिदालनात यायला दीड वर्ष बंदी केली होती; पण मोठ्या घरच्या माणसाच्या चोऱ्या मोठ्या घरच्या रीतीने झाकल्या जातात. डेव्हिडसनने खानदेशात मिळविलेला एक रानपिंगळा त्याने संग्रहालयातून उचलला, त्याची शिवण उसवून पुन्हा भरला आणि पायाला आपली चिठ्ठी बांधली. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन या बाईंनी हे ओळखले. कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. कातडे सोलून भरण्याची प्रत्येक शिकाऱ्याची आपली एक रीत असते. जशी प्रत्येक सुगरणीची करंजीची मुरड. क्ष-किरणांखाली त्या पाखराच्या पोटात डेव्हिडसनची मुरड दिसली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सारे १९९९ मध्ये प्रसिद्ध केले.

आमच्या विषयात याला प्रक्षेप म्हणतात. कुणीतरी आपल्या पदरची ओवी ज्ञानेश्वरांच्या नावावर घुसडतो आणि पुढच्या पिढ्या तिच्यावर निरूपणे झोडतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती असल्याच तणाने जीव मेटाकुटीला आला म्हणून. फरक एवढाच की खोट्या ओवीने फार तर परीक्षार्थ्यांचे गुण जातात. खोट्या चिठ्ठीने एक जिवंत पाखरू बेपत्ता राहिले, आणि ते खरोखर ज्या रानात होते त्या रानावर तेवढा काळ कुऱ्हाड चालत राहिली.

कर्नलची चिठ्ठी बाजूला काढताच पत्ता स्वच्छ झाला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे आधी छत्तीसगडच्या बाजूला हिंडले. तिथे निराशा पदरी घेऊन ते डेव्हिडसनच्या खानदेशात आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या आणि इतर संशोधकांनी मग सातपुडा पिंजून काढला आणि पुस्तकातला तो सातपुड्याचा पत्ता तयार झाला. सातपुड्यात शोधले, सातपुड्यात सापडला. तानसात कुणी शोधायला गेलेच नव्हते.

हे सारे मला सांगितले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता बँकेत आहे, आणि बँकेला सुट्टी असली की रानात असतो. मराठीत तो बेताचा होता, पण पक्ष्यांची नावे अशी घडाघडा सांगतो की मलाच संकोच वाटावा. गेल्या जानेवारीत तो म्हणाला, “सर, एकदा चला तर खरे.” त्याच्या टोळीत एक निवृत्त पोस्टमास्तर, एक दातांच्या डॉक्टर आणि अकरावीतला एक मुलगा अशी मंडळी. सगळे पोस्टमास्तरांना ‘मास्तर’ म्हणतात. पहाटेच्या कसारा लोकलने आम्ही आसनगावला उतरलो, तिथून जीप. वनखात्याची परवानगी आधीच काढलेली होती, आणि सोबत शहापूरच्या बाजूचा एक ठाकर वाटाड्या होता. त्याला सगळे दादा म्हणत.

पक्षिनिरीक्षण म्हणजे दुर्बिणीतून रंग बघणे, अशी माझी समजूत कुणी दूर केली असेल तर ती मास्तरांनी. त्यांनी जीपमधून उतरल्याबरोबर प्रत्येकाला एकेक वही दिली आणि नियम सांगितला: पाखरू दिसले की आधी ज्याने त्याने आपल्या वहीत लिहायचे, मग तोंड उघडायचे. “एकाने रानपिंगळा म्हटले की चौघांना रानपिंगळाच दिसतो,” असे त्यांचे म्हणणे. पस्तीस वर्षे पत्रांवरचे पत्ते वाचलेला माणूस तो. पत्ता अर्धवट असला की पत्र परत जाते, ही गोष्ट त्यांच्या हाडात मुरलेली.

दोन तास काही दिसले नाही. म्हणजे मंडळींना पुष्कळ दिसले, पण ते सगळे नेहमीचे. वाळक्या सागपानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होई आणि मास्तर वळून माझ्याकडे बघत. थंडी चांगलीच होती. डॉक्टरीणबाईंनी डब्यातून आणलेल्या तिळाच्या वड्या वाटल्या. मग दादा एकाएकी थांबला आणि हनुवटीने समोर खूण केली. पन्नासएक पावलांवर एका सागाच्या बोडक्या फांदीवर, अंगावर कोवळे ऊन घेत, तो बसला होता. मी दुर्बीण लावली. कोरे डोके. छातीवर पट्टा. शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकली. जणू एखाद्या हेडमास्तराने छडी हलवावी. मग त्याने मान वळवून आमच्याकडे अशा काही पिवळ्या नजरेने पाहिले की, आम्ही इथे का आलो हे त्याला ठाऊक असावे आणि ते त्याला मुळीच पसंत नसावे. चारपाच मिनिटांनी तो उडाला. कुणी एक शब्द बोलले नाही. पाच वह्यांवर पाच पेन्सिली चालत होत्या.

वह्या ताडून पाहिल्या तेव्हा चौघांनी ‘रानपिंगळा’ लिहिले होते. अकरावीतल्या मुलाने लिहिले होते, ‘पिंगळा, डोक्याचा मागचा भाग दिसला नाही, रानपिंगळा असावा.’ मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. आम्हा चौघांना काही म्हणाले नाहीत.

परतताना मी दादाला विचारले, हे पाखरू तू आधी पाहिले होतेस का. तो म्हणाला, “लहानपणापासून पाहतो. गावात बसतो तो वेगळा, हा वेगळा. याचा आवाजपण वेगळा.” मी मोठ्या उत्साहाने मास्तरांना म्हटले, ही नोंद करा! मास्तर म्हणाले, “सर, विश्वास माझाही आहे. पण तारीख नाही, साल नाही, झाड नाही. कसे लिहू?” आणि त्यांनी ते लिहिले नाही. मला हे जरा कठोर वाटले, अजूनही वाटते. ज्यांच्या पायाखालचे हे रान, त्यांच्या साक्षीला वहीत जागा नाही. आणि कर्नलच्या चिठ्ठीला मात्र ऐंशीपंच्याऐंशी वर्षे होती. पण कर्नलची चिठ्ठी इतकी वर्षे का टिकली? तर तिच्यावर तारीख होती, गाव होते. मास्तरांच्या नियमाने खोटे बोलणारा कर्नल अडकला नसता, खरे बोलणारा दादा अडकला. यावर मास्तरांशी मी आसनगाव येईपर्यंत वाद घातला. शेवटी असे ठरले की यापुढे दादालाही वही द्यायची. तो लिहीत नसला तर त्याने त्या मुलाला सांगायचे आणि मुलाने त्याच्या नावाने लिहायचे.

पण खरा कडाक्याचा वाद लोकलमध्ये झाला. माझ्या विद्यार्थ्याने पाखराचा सुरेख फोटो काढला होता. तो त्याला तिथल्या तिथे मोबाइलवरून जगाला दाखवायचा होता, जागेच्या खुणेसकट. त्याचे म्हणणे साधे होते. “सर, तुम्हीच ना म्हणता, पत्ता पूर्ण हवा? मग मी झाड सांगितले तर बिघडले काय?” मास्तर म्हणाले, “नाव सांग. तारीख सांग. अभयारण्य सांग. झाड सांगू नकोस.” डॉक्टरीणबाई मास्तरांच्या बाजूच्या. त्यांनी पाहिलेली गोष्ट सांगितली: एका दुर्मिळ पक्ष्याचे घरटे असेच जाहीर झाले, आणि पुढच्या रविवारी त्या झाडाखाली लग्नघरासारखी गर्दी. कुणी मोबाइलवर त्याच पक्ष्याची हाक वाजवून त्याला बाहेर बोलावतो, कुणी फांदी आड येते म्हणून मोडतो. विणीच्या दिवसांत नर बिचारा त्या खोट्या हाकेला दुसरा नर समजून भांडायला धावतो, आणि तिकडे पिले उपाशी.

आणि दुसरे कारण या दिवाळीचेच आहे. ज्या देवीचे हे वाहन, तिच्याच पूजेच्या रात्री देशात काही ठिकाणी मांत्रिकांच्या नादाने घुबडांचा बळी दिला जातो. वन्य प्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१० मध्ये या व्यापारावर एक अहवालच प्रसिद्ध केला होता, आणि दिवाळीच्या सुमारास ती सावधगिरीचा इशारा देत आली आहे. रानपिंगळा कायद्याने संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात आहे. पण फासेपारधाला सापडलेल्या पाखराला परिशिष्ट दाखविता येत नाही.

माझा विद्यार्थी डोंबिवलीपर्यंत गप्प बसला. उतरताना म्हणाला, “म्हणजे पत्ता खरा लिहायचा, पण कुणाला द्यायचा नाही.” मास्तर म्हणाले, “द्यायचा. ज्याचे काम आहे त्याला द्यायचा. टपालखात्यात आम्ही दुसरे काय करीत होतो?” फोटो प्रसिद्ध झाला तो अभयारण्याच्या नावानिशी, झाडावाचून. पूर्ण नोंद अभ्यासकांकडे आणि वनखात्याकडे गेली. त्याला अजून ते सर्वस्वी पटलेले नाही, आणि लोकांचे कुतूहल वाढल्यावाचून रान वाचायचे नाही, या त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे, असे मला वाटते.

तानसाच्या पाहुण्याचे कोडे पुढे बरेच सुटले. २०१५ मध्ये गुजरातेतल्या डांगमधून, पूर्णा अभयारण्यातून, रानपिंगळ्याची नोंद प्रसिद्ध झाली. नकाशा उघडून बसलो तर दिसते की तळोदा-शहाद्याहून नवापूर, डांग, सुरगाणा, जव्हार-मोखाडा आणि तानसा अशी रानांची एक तुटक माळ खाली उतरत आली आहे. पाखरू आले नव्हते; ते तिथलेच होते. असे आणखी काही ठिकाणी सापडल्यामुळे २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याची पायरी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आली. पाखरे वाढली म्हणून नव्हे, पाहणारे वाढले म्हणून. रान मात्र तेवढेच आहे किंवा कमी झाले आहे, हे विसरून चालायचे नाही.

आता गंमत पाहा. डांगचे ते पूर्णा अभयारण्य कर्नलच्या मांडवीपासून फार दूर नाही. मोटारीने दीडदोन तास. मग कर्नलचे खरे होते की काय? हा प्रश्न मी मास्तरांना मुद्दाम खवचटपणे विचारला. ते हसले नाहीत. म्हणाले, “असेलही मांडवीला पाखरू. पण त्याच्या चिठ्ठीतले पाखरू खानदेशातले आहे. ते मांडवीला कधी गेलेच नाही.”

तानसा आणि डांग यांच्यामधली जागा अजून भरायची आहे. गेल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळी तीन रविवार मोखाड्याच्या बाजूला गेली होती. मास्तरांची वही मी पाहिली. तिन्ही पानांवर तारीख, वेळ, रानाचे नाव, हवामान, आणि खाली तिन्ही ठिकाणी एकच ओळ: ‘रानपिंगळा दिसला नाही.’ चौथ्या खेपेला दिवाळी संपताच निघायचे आहे. दादा येणार आहे. बोलावणे मलाही आहे. घरून अद्याप परवानगी मिळायची आहे.